त्र्यंबकहून थेट घरी

सातपूरहून त्र्यंबकेश्वरला जायला तासभरसुद्धा लागत नाही. आमच्या वर्कशॉपमधले लोक श्रावणात चालत जाऊन येतात आणि दुसऱ्या पाळीला कामावर हजर असतात. त्याला प्रवास म्हणायचं की नाही, मला ठाऊक नाही. पण वाशीमकडची आपली माणसं मला फोनवर नेहमी विचारतात, "नाशकात रायतो तं त्र्यंबक पाह्यलं असन?" आणि मी नेहमी हो म्हणून टाकतो. पाहिलं नव्हतं. या हिवाळ्यात तीन दिवस राहून पाहिलं, म्हणून गावाकडच्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो. आठवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या.

निघालो त्या सकाळी थंडी अशी की पत्र्यावरचं दव दारात ठिबकत होतं. काशिनाथने चहा ठेवला होता. मी पिशवी तीनदा उघडून पाहिली. नवं धोतर, उपरणं, टॉवेल. सगळं होतं, तरी काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. काशिनाथ म्हणाला, "परत परत काय बघतो? धोतराला पाय फुटणार हाय का?"

काशिनाथ पेठ तालुक्यातला, डोंगरातला. आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये पावडर कोटिंगचं, म्हणजे लोखंडी मालावर रंगाची पूड भाजून चढवायचं, काम करतो आणि एकाच खोलीत राहतो. नवरा-बायको राहतात तसे राहतो. हे आधीच लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं लग्न झालेलं नाही आणि होणार नाही. माझ्या भावाने, विनोदने, एकदा अचानक खोलीवर येऊन ते पाहिलं आणि गावी जाऊन मायला सांगितलं. तेव्हापासून माय इकडे आली नाही, मीही गावी गेलो नाही.

भावाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हललेला नाही. आमच्याकडच्या एका बुवांनी सांगितलं की तुमच्या आजाने कपाशीच्या पऱ्हाटीत नाग मारला, त्याचा दोष आहे. एका नातवाला लेकरू नाही आणि दुसरा नातू असा झाला. त्र्यंबकला नारायण नागबळी करा, दोन्ही सुटेल. नारायण नागबळी म्हणजे घराण्यात इच्छा राहून गेलेल्या जिवाची शांती आणि मारलेल्या नागाची शांती, असा तीन दिवसांचा विधी. आणि बुवा म्हणाले, विधीला धाकट्यालाच, म्हणजे मला, बसवा.

मायने फोन केला. पुष्कळ दिवसांनी तिचा आवाज ऐकला. म्हणाली, "तीन दिवस बस विधीले. मंग मी येईन तुया खोलीवर. जेवीन बी."

मी दुसरं काही विचारलंच नाही. हो म्हणालो. ती येणार होती, एवढंच कानात राहिलं. काशिनाथने खोलीला चुना मारला. मायला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून खालच्या टेलरकडून खुर्ची मागून आणली. नागली (आपण नाचणी म्हणतो) दळून आणली. त्या सकाळी निघताना तो म्हणाला, "तिसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर उभा राहीन. गाडीतून उतरल्यावर त्यांना रस्ता कोण दाखवंल?" रस्ता म्हणजे दोन वळणं. पण मला बरं वाटलं.

सातपूरच्या कोपऱ्यावर त्र्यंबकची एसटी मिळाली. कारखाने संपले की रस्ता मोकळा होतो. शेताशेतांत धुकं चिकटून बसलेलं होतं. डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर आला. कंडक्टरने पिशवीतून डोकावणारं धोतर पाहिलं.

"नारायण नागबळी?"

"हो."

"एकटाच?"

"घरचे तिकडेच येणार आहेत."

"मग बस निवांत. कपाळाला एवढ्या आठ्या कशाला? लय लोक जातात. परत बी येतात."

मी हसलो. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, ते इथे मानतो.

त्र्यंबक गाव ब्रह्मगिरीच्या पायाशी आहे. पायाशी म्हणजे अगदी पायाशी. मान वर केली की काळा कडा, आणि त्याच्यावर आभाळाची पट्टी. आपल्याकडच्या सपाट मुलखातून आलेल्याला तिथे कुणीतरी समोर उभं राहून आपल्याकडे बघतंय असं वाटतं. स्टँडवर उतरलो तर दोघातिघांनी विचारलं, "पूजा आहे का? कालसर्प? नागबळी? खोली पाहिजे?" मी आपला सगळ्यांना हात जोडत चाललो.

माय एका बाकावर बसली होती. कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून. शेजारी भाऊ आणि संगीता वहिनी. रात्रभर गाडीत बसून आलेली माणसं, डोळे लाल. मी पाया पडलो. मायने डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"वाळला," ती म्हणाली.

"थंडीनं तसं वाटते, माय."

"जेवण कोण करते?"

भावाने मध्येच घड्याळ पाहिलं. "चला, गुरुजी वाट पाहून रायले." मायच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं. तिलाही ते ठाऊकच होतं म्हणा.

गुरुजींचं घर गल्लीत होतं. वरच्या मजल्यावर यजमानांसाठी लांबलचक हॉल, गाद्या अंथरलेल्या. आमच्यासारखी अजून तीन-चार कुटुंबं होती, वेगवेगळ्या मुलखांतली. गुरुजी माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. खिशात सारखा फोन वाजत होता, पण बोलणं गोड. त्यांनी नियम सांगितले: तीन दिवस गावाबाहेर जायचं नाही, कांदा-लसूण नाही, पहिल्या दिवशी विधी झाला की सुतक, कुणाला शिवायचं नाही. कांदा-लसूण नाही म्हणताच भावाचं तोंड एवढंसं झालं. आमच्या घरात लसणाशिवाय चूल पेटत नाही.

मग कुशावर्तावर आंघोळ. कुशावर्त म्हणजे दगडी पायऱ्यांचं चौकोनी कुंड. पाणी असं गार की पहिल्या बुडीला नाव विसरायला होतं. बाहेर आलो आणि खरी पंचाईत झाली. जन्मात धोतर नेसलो नव्हतो. एकदा खोचलं, सुटलं. पुन्हा खोचलं, पुन्हा सुटलं. हात गारठून लाकूड झाले होते. भाऊ लांबून बघत होता, जवळ आला नाही. तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने काही न विचारता माझं धोतर हातात घेतलं, निऱ्या घातल्या, मागे काष्टा ओढून घट्ट बसवला. दक्षिणेकडचे होते, हिंदी अडखळत बोलत.

"मेरी लड़की गयी," ते म्हणाले. "आपका कौन गया?"

"कोई नहीं. मेरे लिए ही है."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप तो जिंदा है, बाबू."

ते हसले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या माणसांत निघून गेले. तीन दिवस ते धोतर सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी नेसताना मी त्यांच्या निऱ्या आठवून आठवून घातल्या.

विधी गावातल्या नद्यांच्या संगमाजवळ झाला, स्मशानाच्या बाजूला. एका रांगेत चटया टाकलेल्या, प्रत्येक चटईवर एक घर. मी पुढे बसलो. माय, भाऊ, वहिनी मागे. गुरुजींनी उजव्या हातात दर्भ दिला, तीळ दिले, पाणी घातलं. आता संकल्प करायचा, म्हणजे कोण, कुठला, कशासाठी करतोय ते बोलायचं आणि हातातलं पाणी सोडायचं. पाणी सुटलं की शब्द पक्का झाला.

"नाव?"

"संतोष."

"गोत्र?"

"काश्यप," भाऊ म्हणाला.

"गाव?"

मी सातपूर म्हणणार, तेवढ्यात मागून मायने आमच्या गावाचं नाव सांगितलं. गुरुजींनी तेच घेतलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, जन्म तर तिथलाच आहे.

ते संस्कृतात सांगायला लागले तसा भाऊ म्हणाला, "महाराज, मराठीत म्हणू द्या त्याले. काय मागून रायला ते त्याच्या तोंडून निंगालं पाह्यजे."

"काही हरकत नाही," गुरुजी म्हणाले. भावाने त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं असणार. "म्हणा, माझ्या घराण्यातल्या अतृप्त जिवांना गती मिळो."

मी म्हटलं.

"माझ्या भावाला संतती होवो."

हे मी मोठ्याने म्हटलं. मनापासून म्हटलं. मागे वहिनीने नाक ओढलेलं ऐकू आलं.

"आणि माझ्यातला दोष जावो. मला विवाहाची बुद्धी होवो."

हातातलं पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं. मला दिसत होतं की ते सगळं गळून जाण्याआधी मला काहीतरी बोलायचंय. मी भित्रा माणूस आहे. फोरमन मोठ्याने बोलला तरी माझे पाय कापतात. मागे माय श्वास धरून बसली होती, ते मला पाठीला कळत होतं. एक वाक्य होतं. म्हटलं की माय माझ्या खोलीवर येणार होती, टेलरच्या खुर्चीवर बसणार होती.

"महाराज, हे मी म्हणणार नाही."

"का?"

"माझ्यात दोष नाही."

शेजारच्या चटईवरचे लोक बघायला लागले. गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, मग स्वतःसाठी काय मागायचं आहे?"

"काही नाही. माझं बरं चाललंय."

भाऊ उठायला लागला. "संतोस, माय किती दुरून आली..."

गुरुजींनी त्याला हाताने बसवलं. "संकल्प कर्त्याचा असतो," ते म्हणाले. "जेवढं म्हटलंत तेवढ्यावर सोडा पाणी."

मी पाणी सोडलं. त्या माणसाचेही माझ्यावर उपकार आहेत. पटलं नसेल त्यांना, पण जबरदस्ती केली नाही.

मग गव्हाच्या पिठाचा पुतळा केला. हातभर लांबीचा माणूस, त्याला डोकं, हात, पाय. घराण्यातला असा कुणीतरी, ज्याची इच्छा राहून गेली आणि ज्याचं नाव आता कुणाला ठाऊक नाही, तो हा. त्याला छोट्या चितेवर ठेवला आणि मी अग्नी दिला. पीठ आधी फुगलं, मग तडकलं, भाकर करपल्याचा वास आला. मला एकदम वाटलं, हाही माझ्यासारखाच असेल. आमच्याच घराण्यातला कुणीतरी. त्याला धरून बोहल्यावर उभं केलं असेल, आणि एकही शब्द न बोलता तो मेला असेल. म्हणून तर फिरत राहिला. त्याच्यासाठी मी जे रडलो ते खरं रडलो. भावाला वाटलं असेल, पोराला पस्तावा झाला.

तिथून निघताना मागे वळून पाहायचं नसतं. मी पाहिलं नाही. पण पुढेही फारसं काही नव्हतं. सुतक लागलं होतं. हॉलमध्ये माय भिंतीकडे तोंड करून निजली. पानात वरण-भात, दुधीची भाजी. वहिनीने लांबून वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळचे विधी आटोपले आणि दुपार मोकळी होती. गच्चीवरून ब्रह्मगिरी समोर दिसत होता. उन्हात कड्याचा रंग काळ्याचा तांबूस झाला होता, माणसं मुंग्यांसारखी पायऱ्या चढत होती. भाऊ माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"एक वाक्य जड झालं तुले?"

मी पायऱ्या चढणाऱ्या माणसांकडे बघत राहिलो.

"लहानपणी इच्चू चावला होता तुले. पाठीवर घेऊन धावलो होतो. आठवते?"

"आठवते, भाऊ." बाप गेल्यावर तोच बाप झाला. मला पहिलं काम त्यानेच लावून दिलं. हे मी विसरलेलो नाही.

"मंग?"

"त्यासाठी रोज पाया पडीन तुया. पण तोंडानं खोटं नाही बोलणार."

"खोटं काय त्याच्यात? देवाले नाई पटत ते दोषच असते."

"देवानं मला सांगितलं नाही."

"तुले सांगाले देव काय फोरमन हाये?" भाऊ चिडून म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. क्षणभर आम्ही दोघं हसलो. पुन्हा पूर्वीसारखं होईल असं वाटलं. मग त्याने तोंड फिरवलं. "लोकं मले काय म्हणतात, तुले ठाऊक नाई," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

त्याच वेळी खाली आरडाओरड झाली. धावत गेलो तर माकड. त्र्यंबकची माकडं कुणाचं ऐकत नाहीत. माय ओट्यावर बसली होती, तिच्या पिशवीतून केळी दिसत होती, माकडाने पिशवीच ओढली. केळी घेऊन ते कौलांवर गेलं, पिशवी सांडली, आणि त्यातून एक प्लास्टिकची बरणी गडगडत माझ्या पायाशी आली. तोंडाला फडकं बांधलेलं. वास मी कुठेही ओळखीन. जवसाची चटणी.

मी उचलून दिली. मायने पदराखाली घेतली. वहिनी नंतर हळूच म्हणाली, "तुमच्यासाठीच कुटली, भाऊजी. लसूण हाये ना, म्हणून इथं काढता येत नाई. खोलीवर देणार होत्या."

देणार होत्या. वहिनी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

तिसऱ्या दिवशी नागाची पूजा झाली. सोन्याच्या पत्र्याचा एवढासा नाग. विधीचे कपडे तिथेच सोडले, नवे घातले. देवळात दर्शन घेतलं. लांब रांग, आत दगडाचा गारवा, फुलांचा कुजका गोड वास. मी हात जोडले. काय मागावं कळेना, म्हणून नुसता उभा राहिलो. मागच्याने ढकललं तसा पुढे सरकलो.

परत आल्यावर गुरुजींनी शेवटचे नियम सांगितले. "आता इथून थेट आपल्या घरी जायचं. वाटेत कुणाच्या घरी थांबायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही."

हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. मायलाही ठाऊक नसावा. ठाऊक असता तर तिने कबूल केलंच नसतं. मी घाईघाईने म्हटलं, "महाराज, माझी खोली सातपूरला आहे. वाटेवरच. माय जेवायला येणार होती. चालेल ना?"

गुरुजी पुढच्या यजमानांची तयारी करत होते. वर न बघता म्हणाले, "मुलाचंच घर ना? मग ते कुणा दुसऱ्याचं कसं? आईला मुलाच्या घरी जायला कसला आलाय नियम? खुशाल जा."

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायावर डोकंच ठेवलं. मग मायकडे वळलो.

माय माझ्याकडे बघत नव्हती. ती गुरुजींना म्हणाली, "ते त्याचं घर नाई, महाराज. त्याचं घर गावाले हाये."

आवाज शांत होता. चिडून बोलली असती तर मी समजावलं असतं. गुरुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमची इच्छा," एवढंच म्हणाले.

नाशिकरोड स्टेशनपर्यंत जीप ठरवली होती. मला वाटेत सातपूरला सोडणार होते. माय पुढे बसली, मी मागे वहिनीच्या शेजारी. अंजनेरी आता उजव्या हाताला आली. उन्हात डोंगर स्वच्छ दिसत होता, पण मी सबंध वाट माझ्या गुडघ्यांकडे बघत होतो. काशिनाथला फोन करून 'उभा राहू नको' असं सांगायला हवं होतं. दोनदा फोन काढला, दोनदा ठेवला. वाटायचं, अजून वाट शिल्लक आहे, अजून तिचं मन बदलेल. मग कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या.

तो कोपऱ्यावर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. जीप थांबताच पुढे आला आणि मी उतरायच्या आधी त्याने मायच्या बाजूचं दार उघडलं. तिला आधार हवा असेल म्हणून हात पुढे केला.

"या माय," तो म्हणाला. हा शब्द त्याच्याकडचा नाही. माझ्याकडून शिकला.

मायने पाय आत घेतले. पदर सावरला.

ड्रायव्हर म्हणाला, "उतरणार कोण कोण?"

"एकच," भाऊ म्हणाला.

काशिनाथचा हात तसाच पुढे होता. मग त्याने तो मागे घेऊन पँटीला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. मी उतरून मायच्या दाराशी गेलो. ती समोरच्या काचेतून बघत होती.

"एक वाक्य बोलला असता तं आली असती मी," ती म्हणाली.

"माहीत आहे, माय."

"माहीत होतं तरी नाई बोलला."

"नाही बोललो."

मागून कंपनीच्या बसने हॉर्न लावला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, काय ते ठरवा, मागं गाड्या तुंबल्या." मायने पिशवीत हात घातला, बरणी काढली आणि माझ्या छातीशी दाबली.

"तूच खाजो," ती म्हणाली. तू एकट्याने खा, असा त्याचा अर्थ.

दार लागलं. वहिनीने मागच्या काचेतून हात केला. जीप कंपन्यांच्या बसमध्ये मिसळून गेली.

"गेल्या?" काशिनाथने विचारलं. समोर दिसत होतं तरी विचारलं.

"हो."

"पानी तरी पिल्या असत्या."

खोलीवर गेलो. खुर्चीवर त्याने आमचा चांगला टॉवेल घडी करून ठेवला होता, बसायला मऊ म्हणून. नागलीच्या भाकरी फडक्यात होत्या, उडदाची आमटी होती. मी हातपाय धुऊन बसलो. काशिनाथने वाढलं. मी बरणीचं फडकं सोडलं. तूच खाजो हे त्यानेही ऐकलं होतं, म्हणून त्याने ताट पुढे केलं नाही. मी चटणी आधी त्याच्या ताटात वाढली.

"तुला दिलीय ना त्यांनी?"

"आपल्या घरात आली ती. खा."

त्याने घास घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. "लय तिखट हाय," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

त्याला आता बरेच दिवस झाले. माय फोन घेत नाही. वहिनी कधीतरी दुपारी चोरून बोलते. तिच्याकडे अजून काही बातमी नाही. घरात सगळे म्हणतात, संकल्प अर्धा राहिला म्हणून फळ आलं नाही. म्हणजे आता तेही माझ्याच माथी. टेलरची खुर्ची परत दिली. चुना मारलेल्या भिंतीला पुन्हा धूर लागतो आहे.

मी पुष्कळदा त्या चटईवर परत जाऊन बसतो, मनातल्या मनात. म्हणून टाकलं असतं तर? माय आली असती. पण ती मग आली असती ती दोष कबूल केलेल्या पोराकडे. खुर्चीवर बसली असती, आणि काशिनाथला जेवण होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागलं असतं. मग मी कुठल्या घरात तिला बोलावलं असतं? एवढ्या एका गोष्टीपुरता मी ठाम आहे. बाकी माझं काहीच ठाम नाही. रस्त्यावर मायसारखं लाल काठाचं लुगडं दिसलं तरी काळीज हलतं. तिच्याशिवाय मरेन की काय, असं वाटतं कधीकधी. आणि त्या वाक्यापाशी परत गेलो तर पुन्हा म्हणणार नाही, हेही ठाऊक आहे.

चटणी संपली. बरणी धुतली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. लहानपणी शेजारची वाटी द्यायला निघालो की माय ओरडायची, "रिकामी नेतो काय रे? चिमूटभर साखर तरी घाल." मी हे काशिनाथला सांगितलं. तो पुढच्या सुट्टीला घरी गेला आणि त्याच्या आईने कुटलेली खुरासणीची चटणी घेऊन आला. खुरासणी म्हणजे कारळं, त्यांच्या डोंगरात पिकतात. जवसासारखीच काळपट असते, पण चव वेगळी. त्याच्या आईने विचारलं म्हणे, कुणासाठी? तो म्हणाला, संतोषच्या आईसाठी. तिने मूठभर जास्त घातली.

बरणी भरून, फडकं बांधून फळीवर ठेवली आहे. भावाला पाठवली तर तो घरात नेणार नाही. म्हणून हे सगळं इतकं लांबण लावून लिहिलं. तुमच्यापैकी कुणी त्र्यंबकला आलात, तर जाता-येता सातपूरच्या कोपऱ्यावर उतरा. दोन वळणांवर आमचं घर आहे. पाणी प्या, जेवून जा, आणि जाताना मायची बरणी तेवढी गावाकडे घेऊन जा. कुणी भरली ते विचारलं तर खरं सांगा. ती घेणार नाही, असं मला वाटतं. तरी दारात ठेवून या.